चालणं वाया गेलेलं नाही, काट्याला ते दिसत नाहीये

पत्र : ताई, नमस्कार. मी ४४ वर्षांची, नाशिकला असते, बँकेत नोकरी, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा खुर्चीतच. उंची ५ फूट २ इंच. जानेवारीत एका व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या चॅलेंजमध्ये १५ दिवस नुसत्या ज्यूस आणि सूपवर राहून ५ किलो उतरवले, जूनपर्यंत सगळे परत आले आणि वर एक जास्तच, ६९ झालं. मग ते सगळं सोडलं आणि रोज पहाटे पाऊण तास चालायला लागले. ५ महिने झाले, वजन ६८. फक्त १ किलो! टेलर म्हणाली की कंबर साडेसदतीस होती ती छत्तीस आलीय, पण काटा ढिम्म हलत नाही. जिमवाला म्हणतो चालून काही होत नाही, क्रंचेस मारा आणि आमची फॅट बर्नरची कॅप्सूल घ्या. मैत्रीण म्हणते व्यायाम सोड, नुसतं डाएट कर. सासूबाई म्हणतात चाळिशीनंतर असंच असतं. आईला शुगर आहे आणि माझं एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर) ५.९ आलंय म्हणून भीती वाटते. दिवसभर घरचं आणि ऑफिसचं करून मी पार दमलेली असते, मग मला बैठी कशी म्हणतात तेही कळत नाही. खरं सांगा, चरबी नक्की कशाने जाते, डाएटने की व्यायामाने? चालणं सोडून देऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

अगं, चालणं अजिबात सोडू नकोस, हे आधी सांगते आणि मग बाकीचं बोलू. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू एका ओळीत उरकलीस, ती म्हणजे टेलरने घेतलेलं माप. दीड इंच कंबर कमी झालीय म्हणजे पोटाच्या आतली चरबी कमी व्हायला लागलीय, आणि तुला ज्या शुगरची भीती वाटतेय तिचा संबंध त्या चरबीशी जास्त आहे, काट्यावरच्या आकड्याशी कमी. तू पाच महिने पहाटे उठून जे केलंस त्याचा रिझल्ट आलाय, फक्त तू तो चुकीच्या ठिकाणी शोधतेयस आणि त्यामुळे उगाच खचून चाललीयस, ते मला वाचवेना म्हणून हे उत्तर जरा मोठं लिहितेय.

डाएट की व्यायाम, या प्रश्नावर अमेरिकेत सिअॅटलला एक फार चांगला अभ्यास झालाय, २०१२ साली छापून आला. ४३९ बायका, वय ५० ते ७५, सगळ्यांची पाळी गेलेली, वजन जास्त, आणि सगळ्या बैठ्या. त्यांचे चार ग्रुप केले. एका ग्रुपने फक्त खाण्यात बदल केला, दुसऱ्याने फक्त व्यायाम केला, आठवड्यातले ५ दिवस ४५ मिनिटं म्हणजे जवळपास तुझ्याइतकाच, तिसऱ्याने दोन्ही केलं आणि चौथ्याने काहीच नाही. वर्षभराने बघितलं तर डाएटवाल्यांचं वजन सरासरी ८.५ टक्के उतरलं, व्यायामवाल्यांचं फक्त २.४ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचं १०.८ टक्के, आणि काहीच न करणाऱ्यांचं एक टक्कासुद्धा नाही. आता हे तुझ्या ६९ किलोला लावून बघ. नुसत्या व्यायामाने वर्षाला साधारण दीड-पावणेदोन किलो. तू पाच महिन्यांत १ किलो उतरवलास, म्हणजे तू मागे नाहीयेस, उलट थोडी पुढेच आहेस! तुला कोणीतरी महिन्याला चार किलोचं स्वप्न दाखवलंय म्हणून हे अपयश वाटतंय. त्या बायका तुझ्यापेक्षा मोठ्या होत्या, आपल्याकडच्या नव्हत्या, शिवाय त्यांना डाएटिशियन नियमित भेटत होत्या, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणणार नाही. पण क्रम तोच राहतो. काटा खाली आणायला ताट जास्त कामाला येतं, आणि दोन्ही एकत्र केलं की सगळ्यात चांगलं.

व्यायामाने काटा एवढा हळू का हलतो ते साध्या हिशोबाने कळेल, तू बँकेतली आहेस तुला आवडेल. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. तुझ्या वजनाची बाई पाऊण तास चालली तर बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या अशा जेमतेम १५० कॅलरी जातात. आणि पाच वाजता ऑफिसमध्ये जो दोन चमचे साखरेचा चहा आणि बरोबर चार-पाच बिस्किटं होतात तेही जवळपास तेवढंच. म्हणजे एका चहात अख्खी सकाळ संपते. त्यात चालून आलं की भूक लागते, आज एवढं चाललो मग पोळी एक जास्त चालेल असं वाटतं, आणि दमल्यामुळे उरलेला दिवस आपण थोडं जास्त बसतो, लिफ्ट घेतो, हे सगळ्यांचंच होतं आणि कळतही नाही. अमेरिकेतच कॅन्ससला १६ महिने तरुण मुलामुलींना समोर उभं राहून व्यायाम करून घेतला होता, २००३ साली ते छापून आलं. त्यात मुलांचं वजन उतरलं पण मुलींचं जवळपास होतं तेवढंच राहिलं. वाचून वाईट वाटेल, पण ज्या मुलींनी व्यायाम केला नाही त्यांचं तेवढ्याच काळात जवळपास ३ किलो वाढलं होतं! म्हणजे जे वाढणार होतं ते वाढलं नाही, आणि वाढलेलं दिसलं नाही म्हणून कोणी शाबासकी देत नाही.

मग मैत्रीण म्हणते तसं नुसतं डाएट करावं का? तर नाही, आणि याचं उत्तर तुझ्या जानेवारीत आहे. १५ दिवसांत ५ किलो उतरले त्यात चरबी फार थोडी होती गं. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साखरेचा एक साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, खाणं एकदम तोडलं की पहिल्या काही दिवसांत तो साठा संपतो आणि पाणी लघवीवाटे जातं, काटा धपकन खाली येतो आणि आपण खूश. त्यानंतर जे उतरतं त्यात स्नायूही असतो. नुसत्या डाएटने वजन कमी केलं तर कमी झालेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबी नसतोच, स्नायू वगैरे असतो, आणि ज्यूस-सूपच्या डाएटमध्ये प्रोटीन जवळजवळ नसल्यामुळे हा हिस्सा अजून वाढतो. मग तू नेहमीचं जेवायला लागलीस, वजन परत आलं, पण परत येताना स्नायू बसल्या बसल्या येत नाही, चरबी येते. म्हणजे जून महिन्यातले ६९ हे डिसेंबरमधल्या वजनापेक्षा फक्त एक किलो जास्त नव्हते, आतून ते जास्त चरबीचे होते. असल्या चॅलेंजचा मला खरंच राग येतो, कारण ती करणारी बाई प्रत्येक वेळी थोडा स्नायू गमावते, आणि पुढच्या वेळी तिला तेवढंच वजन उतरवायला जास्त त्रास होतो, आणि दोष मात्र ती स्वतःच्या इच्छाशक्तीला देते.

तर डाएटने चरबी उतरते, आणि व्यायामामुळे जे उतरतं ती चरबीच असते, स्नायू वाचतो. शिवाय उतरलेलं पुन्हा चढू न देण्यात व्यायामाचा वाटा मोठा आहे.

आता पोटाचं. कॅनडात २००४ साली पाळी चालू असलेल्या, पोट सुटलेल्या बायकांवर एक अभ्यास झाला, १४ आठवड्यांचा. त्यातल्या एका ग्रुपला रोज व्यायाम करायला लावला पण मुद्दाम तेवढं जास्त खायला सांगितलं, म्हणजे वजन कमी होऊ नये म्हणून. वजन कमी झालं नाहीच, पण पोटाची चरबी तरीही कमी झाली. तुझी टेलर जे म्हणाली ना, तेच. पोटात आत, आतड्यांच्या आणि लिव्हरच्या आजूबाजूला जी चरबी साठते ती व्यायामाला लवकर दाद देते, मांड्यांवरची आणि कुल्ल्यांवरची चिवट असते, ती सगळ्यात शेवटी.

आणि आपल्या लोकांना ही आतली चरबी फार. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो आणि आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३, म्हणजे कागदावर दोघेही एकदम फिट. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! त्यामुळे आपल्यासाठी मापं कडक आहेत, बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९-२१ च्या, आपल्या देशातल्या ४० टक्के बायकांचं पोट मापाबाहेर निघालं, पुरुषांचं १२ टक्के. त्यामुळे तू एकटी नाहीस हे पण लक्षात ठेव. तुझे ३६ इंच म्हणजे साधारण ९१ सेंटीमीटर, अजून वाट आहे, पण दिशा बरोबर आहे.

तुझ्या ५.९ साठी आणखी एक सांगते. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी तुझ्यासारख्या शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीय माणसांवर एक मोठा अभ्यास केला, २००६ साली आला, साधारण तीन वर्षांचा. ज्यांनी खाणं सुधारलं आणि चालणं वाढवलं त्यांच्यात डायबिटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि गंमत म्हणजे त्यांचं वजन फारसं कमी झालंच नव्हतं! कोणी त्या लोकांना मध्येच फक्त काट्यावर उभं करून विचारलं असतं तर तेही म्हणाले असते काही उपयोग नाही, सोडून देऊ.

क्रंचेस मारल्याने पोटाची चरबी जात नाही. पोटाचे स्नायू मजबूत होतात, ते चांगलंच आहे, पाठीलाही मदत होते, पण त्यांच्यावरची चरबी तिथून उचलून ते वापरत नाहीत. शरीराला शक्ती लागली की हॉर्मोनच्या सांगण्यावरून सगळीकडची चरबी थोडी थोडी रक्तात येते आणि ज्या स्नायूला हवी तो ती घेतो. तुमच्या बँकेत कसं, गिऱ्हाईक ज्या काउंटरवर उभं आहे त्या काउंटरखालच्या पेटीतूनच पैसे द्यायचे असं नसतं ना, तसंच. २०११ साली बैठ्या तरुणतरुणींना सहा आठवडे फक्त पोटाचे व्यायाम करायला लावून बघितलं, पोटाची चरबी होती तेवढीच राहिली.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. पाळी जायच्या आधीची काही वर्षं इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन खालीवर होतं आणि मग कमी होत जातं, आणि पूर्वी जी चरबी कुल्ल्यांवर जायची ती पोटाकडे वळते. वयाने स्नायूही हळूहळू कमी होतो. पण असंच असतं म्हणून बसून राहायचं हे मात्र मला मान्य नाही. त्या सिअॅटलच्या बायका ५० ते ७५ च्या होत्या, त्यांचं उतरलं ना!

आता काय करायचं ते.

ताटापासून सुरू करू, कारण तुझं तिथेच अडलंय. तू लिहिलं नाहीस पण मी अंदाज करते, सकाळी चहा आणि पोहे किंवा खारी, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, पाचचा चहा, रात्री पोळी-भाजी-भात आणि वर पातळ वरण. यात प्रोटीन मोजलं तर ३०-३५ ग्रॅमच्या पुढे जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडा आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुला ५६ तरी पाहिजेत, आणि वजन उतरवताना स्नायू वाचवायचा तर मी म्हणेन ६० ते ७०. त्यासाठी पावडर लागत नाही गं. सकाळी पोह्यांऐवजी मूगडाळीची दोन धिरडी किंवा दोन अंडी, १२ ग्रॅम तिथेच झाले. डब्यात भाजीबरोबर मटकी नाहीतर चवळीची वाटीभर घट्ट उसळ, ८-९ ग्रॅम. एक वाटी दही. रात्री वरण पाण्यासारखं न करता घट्ट, नाहीतर पिठलं, पिठल्याला आपण गरिबाचं जेवण म्हणून मागे टाकतो पण बेसनात पाचवा हिस्सा प्रोटीन असतं, तेल तेवढं हात राखून घाल. भात बंद करायची गरज नाही, पोळी तोडायची गरज नाही, फक्त ताटात आधी उसळ आणि भाजी वाढ आणि मग पोळी, भूक तिथे अर्धी भागते आणि तिसरी पोळी आपोआप सुटते. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचार.

तेलाचा डबा बघ. माणशी दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल पुरतं, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटरच्या आसपास. तुमच्याकडे पाच लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर तुझी चरबी कुठून येतेय ते तिथेच कळलं. एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात, तेल कोणतंही असो, शेंगदाण्याचं, ऑलिव्हचं, घाण्याचं, सगळं सारखंच. फोडणी चमच्याने मोजून घालायला सुरुवात कर, बाटली वाकडी करून नको. घरच्यांना आठवड्यात चव बसते.

पाचच्या चहाचं वर बोललेच आहे. चहा घे, साखर एक चमचा कर, बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे ठेव ड्रॉवरमध्ये. सगळ्या बदलांत हा सोपा आणि मला विचारशील तर पहिला हाच कर.

उपवास करत असशील तर तोही बघ. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, वर दाणे आणि तूप, त्या दिवशी आपण नेहमीपेक्षा जास्तच खातो आणि प्रोटीन मात्र कमी होतं. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी, बरोबर दही, एवढंच पोटभर खाल्लंस तरी चालेल. आणि मुलांच्या ताटात उरलेलं वाया जाईल म्हणून तोंडात टाकायची सवय आपल्या कितीतरी जणींना असते, अन्न टाकवत नाही हे मला समजतं, पण मग त्यांना आधीच कमी वाढ आणि लागलं तर परत दे, तुझं पोट हे उरलेल्याची सोय लावायची जागा नाही.

व्यायामात चालणं आहे ते राहू दे, त्यात मध्ये मध्ये दोन-दोन मिनिटं भराभर चाल, इतकं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं म्हणते, तू त्यात बसतेस. तुझ्यात जे कमी आहे ते म्हणजे स्नायूंवर वजन घेणं, आठवड्यातून किमान दोन दिवस तेही करा असं तीच संघटना सांगते आणि आपल्या बायका नेमकं तेच सोडतात, बॉडी होईल, हात पुरुषासारखे दिसतील अशी भीती असते. तसं काही होत नाही, आपल्यात ते पुरुषी हॉर्मोनच तेवढं नसतं. आठवड्यातले दोन दिवस चालणं २० मिनिटांवर आण आणि उरलेल्या वेळात हे कर : खुर्चीवर बसून हात न टेकता उठणं, दहा वेळा. भिंतीला हात लावून दंड. लिटरच्या दोन बाटल्या पाण्याने भरून खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर. उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं. जिन्याची सगळ्यात खालची पायरी चढणं-उतरणं. प्रत्येकाचे दोन-तीन राउंड, आणि सोपं वाटायला लागलं की वजन वाढव, सॅकमध्ये डाळीची पाकिटं भरून ती उचल. वाढवत नेलं नाही तर स्नायू तिथेच थांबतो. गुडघा दुखत असेल तर खुर्ची उंच घे, सोडू नकोस. सुरुवातीला दोन-तीन दिवस अंग दुखेल आणि काटा कदाचित अर्धा-एक किलो वर जाईल, स्नायूत पाणी धरलं जातं म्हणून, घाबरू नकोस.

बैठी कशी, हे तू विचारलंस आणि तुझा राग बरोबर आहे. दमणं वेगळं आणि अंग हलणं वेगळं. ओट्यापाशी दोन तास उभं राहून कंबर मोडते, डोकं शिणतं, पण स्नायूंना फारसं काम नसतं. फरशी पुसणं, कपडे हाताने धुणं, पाणी भरणं हे मात्र खरं श्रमाचं, ते धरायचं. आणि मग आठ-नऊ तास खुर्ची. २०२२ च्या आकड्यांप्रमाणे भारतातल्या ५७ टक्के बायका पुरेशा हलत नाहीत, पुरुष ४२ टक्के, आणि याचा अर्थ बायका आळशी आहेत असा अजिबात नाही, त्यांना स्वतःसाठी घराबाहेर पडायला मोकळा तास मिळत नाही हा आहे. तू तो पहाटे झोप मोडून काढलायस. ऑफिसात तासातून एकदा तीन-चार मिनिटं उठ, पाण्याची बाटली छोटी ठेव म्हणजे भरायला जावं लागेल, फोन आला की उभी राहून बोल.

झोप मोडून हे मात्र मला खटकतंय. रात्री सगळं आवरून बारा आणि पहाटे पाचला उठायचं असं चाललं असेल तर ते तुझ्या विरुद्ध जातंय. शिकागोत २०१० साली एक अभ्यास झाला, लहानसाच, दहा माणसांचा. तेच लोक, तेवढंच खाणं, एकदा साडेआठ तास अंथरुणात आणि एकदा साडेपाच तास. कमी झोपेच्या वेळी उतरलेल्या वजनातली चरबी निम्म्याहूनही कमी झाली, त्याऐवजी स्नायू गेला, आणि भूक वाढली. म्हणून चालणं संध्याकाळी जमत असेल तर संध्याकाळी कर, किंवा रात्रीचं आवरायचं काम नवऱ्यावर आणि मुलांवर टाक. भांडी त्यांनी लावली तर जग बुडत नाही. हे तुला घरात बोलावं लागेल, जड जाईल, पण तुझ्या आईला शुगर आहे आणि तुझं ५.९ आहे एवढं सांगितलं तरी पुरे आहे.

काट्यावर रोज उभी राहू नकोस. पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी सहज वाढतं. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी, सकाळी पोट साफ झाल्यावर वजन आणि कंबर दोन्ही मोज. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, श्वास सोडून, आवळायचा नाही. जिममधलं ते फॅट पर्सेंट दाखवणारं मशीन अंगातल्या पाण्याप्रमाणे आकडा बदलतं, त्याच्यावर जीव टाकू नकोस. सहा महिन्यांत ६८ चे ६४ आणि कंबर ३४ झाली तर मी ते फार उत्तम म्हणेन, आणि ती कॅप्सूल घेऊ नकोस. असल्या गोळ्यांत बऱ्याचदा भरपूर कॅफिन असतं, धडधड होते, झोप जाते, आणि आत आणखी काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ते पैसे अंडी, डाळी आणि चांगल्या बुटांवर घाल.

हे सगळं सुरू करायच्या आधी रक्त तपासून घे : हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), व्हिटॅमिन बी१२, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी परत. तू पार दमते म्हणतेस ना, वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला होता. ४४ व्या वर्षी पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग, कितीतरी जणी लाजून सांगत नाहीत आणि वर्षानुवर्षं रक्त कमी घेऊन चालत राहतात. चालताना छातीत दाटलं किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली तर व्यायाम थांबवून आधी दाखवून ये. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आलं तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील, त्या चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू सरबताबरोबर घे, आणि बाटल्या-सॅकचा व्यायाम रक्त वर येईपर्यंत हलकाच ठेव, चालणं मात्र चालू दे.